घराण्यातलं चूर्ण नैराश्यावर खरंच चालतं का, हे तपासायचं कसं?

दिंडोरी तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण वैद्यताईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या घरात आजोबांपासून एक चूर्ण चालत आलं आहे: ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि जटामांसी. झोप उडालेली, कशातच मन न लागणारी माणसं या चूर्णाने सावरताना त्यांनी लहानपणापासून पाहिली आहेत. आता ३० रुग्ण घ्यायचे, आधी नैराश्याचा स्कोअर काढायचा, दोन महिने चूर्ण द्यायचं, पुन्हा स्कोअर काढायचा आणि ‘नैराश्यावर सिद्ध औषध’ म्हणून ते लोकांपुढे ठेवायचं, असा त्यांचा विचार आहे. ही पद्धत बरोबर आहे का, हा एक प्रश्न. आणि चूर्ण सुरू केलं की रुग्णाच्या चालू गोळ्या थांबवता येतील का, हा दुसरा.

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात कुणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो. नाही, थांबवू नका. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं बरंच काही होतं. ते दोन-चार दिवसांत सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं चूर्णच बाधलं. पण खरी भीती त्यानंतरची. गोळ्यांमुळे दबलेलं नैराश्य काही आठवड्यांनी पुन्हा वर येतं, तेव्हा माणूस तुमच्या देखरेखीत असेलच असं नाही. माझ्या ओपीडीत असे रुग्ण दरवर्षी येतात. त्यांतल्या कुणीही ‘मी गोळ्या सोडतोय’ असं डॉक्टरला कळवलेलं नसतं, कुणीतरी ‘हे नैसर्गिक आहे, आता त्याची गरज नाही’ असं सांगितलेलं असतं. गोळी कमी करायची तर ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशी बोलून, हळूहळू. आणि कुणाच्या बोलण्यात स्वतःला संपवण्याचा विचार डोकावला तर चूर्ण, चाचणी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर आजच लावा.

आता चाचणी.

तुमच्या आजोबांनी पाहिलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माणसं बरी झाली, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की ती कशाने बरी झाली. हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही, निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या बायकोने शिकवला.

ते गृहस्थ पन्नाशीतले. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, घड जिरले, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. ‘टेन्शन आलंय, डोकं जड राहतं, रात्री तीनला जाग येते ती येतेच’ असं सांगत आले. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या मोजपट्टीवर गुण आले १४. म्हणजे मध्यम नैराश्य. मरणाचे विचार नव्हते. भावाने कुठूनसं एक चूर्ण आणून दिलं होतं, रात्री दुधातून घ्यायचं. गोळ्या घ्यायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, दर पंधरा दिवसांनी येणार असाल तर सहा आठवडे थांबून बघू. आले, नेमाने आले. सहाव्या आठवड्यात गुण ५. चेहरा मोकळा. ‘डॉक्टर, चूर्णाला गुण आहे’, ते म्हणाले. ते बिल द्यायला काउंटरवर गेले तशी त्यांची बायको मागे थांबली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, ‘बरणी चौथ्याच दिवशी हातातून पडली. काचा आणि चूर्ण एक झालं. ह्यांना सांगितलं असतं तर मनाला लावून घेतलं असतं. मी रोज दुधात सुंठ-वेलची घालून देत होते.’ तिला वाटत होतं आपण नवऱ्याला फसवलं. मी तिला म्हटलं, वहिनी, तुम्ही काही चुकीचं केलं नाही. रोज रात्री पेला घेऊन त्यांच्याजवळ बसलात, हे कुठल्याच पुडीत मिळत नाही.

तुमच्या ३० रुग्णांच्या यादीत हे गृहस्थ ‘चूर्णाने बरे झाले’ या रकान्यात गेले असते. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं असतं, आणि तरी ते चुकीचं ठरलं असतं. नैराश्याचा एक झटका उपचार न करताही बऱ्याचदा काही महिन्यांत ओसरतो. शिवाय माणूस डॉक्टरकडे येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यानंतरचा आठवडा बहुधा त्याहून बरा असतोच. कुणीतरी नियमाने चौकशी करतंय, याचा आधार वेगळा. या सगळ्याची बेरीज ‘आधी-नंतर’ पद्धतीत औषधाच्या खात्यावर जमा होते. म्हणून एकच गट घेऊन केलेल्या अभ्यासात जवळपास कुठलंही औषध जिंकतं. साखरही जिंकेल.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कंपनीचा माणूस नवं टॉनिक घेऊन आला की शहाणा बागायतदार ते सगळ्या बागेवर मारत नाही, चार ओळी सोडतो. पाणी तेच, माती तीच, ऊन तेच, फक्त त्या चार ओळींवर टॉनिक नाही. मग मणी मोजतो. तुमच्या चाचणीत सोडलेल्या चार ओळी कुठे आहेत, एवढंच मी विचारतोय. आणि कुठल्या ओळी सोडायच्या हे कंपनीच्या माणसाने ठरवायचं नसतं. चांगल्या दिसणाऱ्या रुग्णाला नकळत चूर्ण आणि अवघड वाटणाऱ्याला दुसरं, असं आपल्या सगळ्यांच्या हातून होतं. म्हणून वाटणी चिठ्ठीने करायची, आणि चिठ्ठी तुमच्या हातात नको.

सोडलेल्या ओळींचं महत्त्व किती, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सेंट जॉन्स वॉर्टचं. पिवळ्या फुलांची ही वनस्पती युरोपात नैराश्यासाठी फार वापरतात, जर्मनीत तर डॉक्टर लिहून देतात. अमेरिकेत १२ केंद्रांवर तिची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले. ३४० रुग्ण, तीन गट: एकाला वनस्पतीचा अर्क, दुसऱ्याला सर्ट्रालिन, तिसऱ्याला औषध नसलेली हुबेहूब कॅप्सूल. आठ आठवड्यांनी पूर्ण गुण आलेले रुग्ण अर्काच्या गटात सुमारे २४ टक्के, सर्ट्रालिनच्या गटात २५ टक्के आणि रिकाम्या कॅप्सूलच्या गटात ३२ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतलाच होता, म्हणजे रिकामी कॅप्सूल जास्त चांगली असं नव्हे. पण क्षणभर कल्पना करा की तिसरा गट घेतलाच नव्हता. मग मथळा काय झाला असता? ‘वनस्पती सर्ट्रालिनच्या तोडीस तोड!’ आणि तो मथळा आकड्यांनुसार खराही असता. तिसऱ्या गटामुळे कळलं की या चाचणीत सिद्ध झालेली गोळीसुद्धा रिकाम्या कॅप्सूलच्या पुढे गेली नाही, म्हणजे या चाचणीवरून दोन्हींपैकी कशाचीच ताकद ठरवता येत नाही.

याच वनस्पतीवरच्या २९ चाचण्या, साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण, २००८ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. तिथे अर्क रिकाम्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीचा ठरला, त्रासही कमी. मात्र जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा जास्त चांगले होते. एकाच वनस्पतीची इतकी मोठी तपासणी होऊनही चित्र असं आहे. म्हणजे वनस्पतीत दम असू शकतो. ३० रुग्णांवर ते ठरत नाही, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण हळदीचं. भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ६० रुग्णांवर सहा आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापला गेला. फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी २० मिलिग्रॅम, कर्क्युमिन हे हळदीतलं द्रव्य १००० मिलिग्रॅम, आणि दोन्ही एकत्र असे तीन गट. प्रतिसाद अनुक्रमे ६४.७, ६२.५ आणि ७७.८ टक्के, फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नाही. हा अभ्यास मला आवडतो, कारण कर्क्युमिन रुग्णांना नीट सोसलं हे त्यात दिसतं. पण त्यात रिकाम्या कॅप्सूलचा गट नव्हता. अमेरिकेतलं ते उदाहरण डोळ्यासमोर ठेवून हे आकडे पुन्हा वाचा. ‘हळद फ्लुओक्सेटिनइतकीच चालते’ असं त्यावरून लिहिणाऱ्यांनी घाई केली. शिवाय कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे. हळदीत ते साधारण तीन टक्के. हजार मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळवायला तीसेक ग्रॅम हळद, म्हणजे रोज दहा-अकरा चहाचे चमचे. भाजीतल्या चिमटीशी त्याचा संबंध नाही.

केशराचंही साधारण तसंच. तेहरानच्या संशोधकांनी २००४ पासून रोज ३० मिलिग्रॅम केशराच्या सहा आठवड्यांच्या चाचण्या केल्या, त्यात रिकाम्या कॅप्सूलशी तुलना केलेलीही आहे, आणि निकाल आशादायक आहेत. पण रुग्ण प्रत्येक वेळी ३०-४०, आणि बहुतेक काम एकाच देशातलं.

मग तुम्हाला किती रुग्ण लागतील? २०१८ मध्ये नैराश्याच्या २१ गोळ्यांवरच्या ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण, एकत्र मोजले गेले. सगळ्या गोळ्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरल्या, पण सरासरी फरक लहानच: संख्याशास्त्राच्या मापात ०.३, म्हणजे माणसामाणसांच्या गुणांत एरवी जो चढउतार असतो (प्रमाण विचलन) त्याच्या तीन दशांश. एवढा फरक आपल्या चाळणीत पाचांपैकी चार वेळा तरी अडकावा असं वाटत असेल, तर दर गटात १७५ रुग्ण शेवटपर्यंत टिकायला हवेत. पाचातला एक गळतो असं धरा, म्हणजे सुरुवातीला दर गटात २२० लागतील. तुमचं चूर्ण गोळ्यांपेक्षाही जोरकस असून फरक ०.५ असेल, तरी दर गटात ६४. तीस रुग्ण दोन गटांत विभागले तर पंधरा-पंधरा. त्यात चांगलं औषधही हरेल आणि वाईटही जिंकेल.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत संदर्भ म्हणून उंदरांवरचे सात-आठ अभ्यास आहेत. उंदराला पाण्यात सोडायचं, तो किती वेळ हातपाय मारतो आणि कधी नुसता तरंगत राहतो ते मोजायचं, ही पद्धत १९७७ पासून आहे. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडला की ‘नैराश्यरोधी गुण’ असं लिहितात. कुठला अर्क पुढे तपासावा याची चाळणी म्हणून ते ठीक. दहा वर्षांच्या दुखण्याने खचलेल्या माणसाबद्दल त्यातून काही कळत नाही. हे अभ्यास यादीत खाली ठेवा.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक चाचण्या सुरू होण्याआधीच फसतात ती: पुडीत नेमकं आहे काय?

मागे मी नाशिकच्या रविवार कारंजा ते भद्रकाली या पट्ट्यातल्या तीन काष्ठौषधीच्या दुकानांतून शंखपुष्पी मागवली. तीन पुड्या घरी आणून पांढऱ्या कागदावर वेगवेगळ्या ओतल्या. एकीत करड्या, केसाळ काड्या आणि मुळांचे तुकडे. दुसरीत वाटाण्याच्या शेंगेसारख्या चपट्या, वाळलेल्या शेंगा. तिसरीत अगदी बारीक, रेशमी लव असलेली पानं आणि तळाला बरीच माती. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने भिंग लावून पाहिलं: पहिली ज्याला ग्रंथांतली शंखपुष्पी मानतात ती असावी, दुसरी सरळ गोकर्णी, तिसरी विष्णुक्रांता. दुकानदार फसवत होते असं मला वाटत नाही. देशात वेगवेगळ्या भागांत या तिन्हींना शंखपुष्पी म्हणतात. ब्राह्मीचंही तेच. केरळात ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी, आपल्याकडे कित्येक जण कारिवण्याला, म्हणजे मंडूकपर्णीला, ब्राह्मी म्हणून विकतात. दोन्हींची कुळं वेगळी, घटकद्रव्यं वेगळी. जटामांसी हिमालयातली, आता दुर्मिळ आणि महाग, म्हणून भेसळीची. आजोबा कुठली ब्राह्मी वापरत होते हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? ती कुठून येत होती, कुठल्या महिन्यात काढलेली? हे कळलं नाही तर चाचणी आजोबांच्या चूर्णाची होणारच नाही.

म्हणून आधी प्रत्येक वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून नमुना जपून ठेवा. पूर्ण चाचणीला पुरेल एवढं चूर्ण एकाच वेळी, एकाच लॉटमध्ये बनवा. प्रयोगशाळेतून त्याचं रासायनिक ठसापत्र, म्हणजे त्यात कुठली द्रव्यं आहेत याची ओळखखूण, काढून घ्या, आणि जड धातू तपासा: शिसं १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भाग), आर्सेनिक ३ च्या, पारा १ च्या आणि कॅडमियम ०.३ च्या आत हवं. ही काळजी काल्पनिक नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली होती, २००८ च्या त्या अहवालात पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची रेसिड्यू तपासणी (फवारलेल्या औषधांचे अंश उरलेत का ते बघणं) झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. तिथल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या मण्यासाठी आपण जे करतो, ते इथल्या रुग्णाच्या पुडीसाठीही करू.

आणि एक गोष्ट चूर्णाच्या जुन्या पाठात, म्हणजे घटकांच्या यादीत, असेल तर आधी मला कळवा: सर्पगंधा. झोपेसाठी म्हणून ती अनेक घराण्यांच्या चूर्णांत हळूच शिरलेली असते. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मग लक्षात आलं की रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गडद नैराश्य येतं. मेंदूतली रसायनं आणि मनःस्थिती यांचा संबंध शोधण्याला त्या निरीक्षणाने मोठी चालना दिली. आपल्याच मातीतली वनस्पती, तिने रक्तदाबाचे रुग्ण वाचवले, आणि तीच नैराश्याच्या रुग्णाला घातक ठरू शकते. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हे वाक्य मी सहन करू शकत नाही ते यामुळे. ज्यात औषध म्हणून ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही ताकद असते.

तुमच्या चूर्णातल्या अश्वगंधेने क्वचित काही लोकांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात यकृताच्या तपासण्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ सुरुवातीलाच बघा, कारण त्यांच्या कमतरतेमुळे आलेली मरगळ नैराश्यासारखीच दिसते आणि तिथे चूर्ण नव्हे, ती कमतरता भरून काढायला हवी. इतर औषधांशी झगडा होतो का हे आधी तपासायचं. सेंट जॉन्स वॉर्टचा धडा इथेही आहे: ती यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो, आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आधी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना दिवसेंदिवस फिरण्याचा, वारेमाप खर्चाचा काळ येऊन गेलाय का, हेही घरच्यांना विचारा. असा रुग्ण द्विध्रुवी आजाराचा असू शकतो. त्याला या चाचणीत घेऊ नका.

आता रिकामी पुडी. इथे तुमच्या वाटेत खरी अडचण आहे. जटामांसीचा वास दारापर्यंत येतो, ब्राह्मी कडू. तसंच दिसणारं, तसाच वास असलेलं पण औषध नसलेलं चूर्ण बनवणं जवळपास अशक्य. रुग्णाला कळलं की आपल्याला ‘खरं’ मिळतंय, की निम्मा गुण तिथेच येतो. कॅप्सूलमध्ये भरा, असं कुणीही सुचवेल. पण तुमची मात्रा दिवसाला सहा ग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूल म्हणजे रोज बारा. कोण घेईल? काढा आटवून त्याचा घन, म्हणजे सुका अर्क, करून मात्रा आटोक्यात आणता येते, मात्र घन म्हणजे चूर्ण नव्हे. पाण्यात न उतरणारी द्रव्यं मागे राहतात, आणि मग तुम्ही आजोबांच्या चूर्णाऐवजी वेगळंच काही तपासता. मला विचाराल तर तीन ग्रॅमची मात्रा घ्या, त्याच्या सहा कॅप्सूल, तीन-तीन दोन वेळा. रिकाम्या कॅप्सूलमध्ये रंगवलेलं तांदळाचं पीठ. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांच्या झाकणात जटामांसीची छोटी पुरचुंडी, म्हणजे उघडताच वास सारखाच येतो. दूध दोन्ही गटांना. आणि शेवटच्या भेटीत प्रत्येकाला विचारा, तुम्हाला काय मिळत होतं असं वाटतं? बहुतेकांनी बरोबर ओळखलं तर निकालावर फार विश्वास ठेवू नका, आणि तसं अहवालात लिहा.

‘आयुर्वेदात प्रत्येकाची प्रकृती वेगळी, सगळ्यांना एकच चूर्ण देऊन चाचणी कशी होईल?’ हा तुमच्या पत्रातला आक्षेप मी मनापासून मानतो. त्याला वाट आहे. चूर्णाचे दोन-तीन पाठ आधी ठरवून लिहून ठेवा. तुम्ही नाडी, प्रकृती, अग्नी बघून ज्या रुग्णाला जो पाठ द्यायचा तो लिहा. औषध देणारी व्यक्ती दुसरी असेल, ती चिठ्ठीप्रमाणे त्या पाठाची खरी किंवा रिकामी बाटली देईल. तुमचा विचार जसाच्या तसा राहिला, आणि तपासणीही झाली. चरकांनी वाताच्या ८० विकारांत विषाद सांगितला आहे. तुमच्या निदानातला विषाद आणि माझ्या निदानातलं नैराश्य प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही, म्हणून दोन्ही निदानं स्वतंत्रपणे नोंदवा. कुणाला जास्त गुण येतो हे पुढे त्यातूनच कळू शकेल.

मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नको. नैराश्य मोजण्याची हॅमिल्टनची १७ मुद्द्यांची पट्टी १९६० पासून वापरात आहे, पण ती मुलाखतीवर चालते, म्हणून मुलाखत घेणारा शिकलेला हवा. आणि शब्द आपले हवेत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बाई ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ‘जीव लागत नाही’, ‘काळजात धडधडतं’, ‘अंग मोडून आलंय’ म्हणते. प्रश्नाचं पुस्तकी मराठी तिच्यापर्यंत पोहोचलं नाही तर गुण कमी येतात आणि ती बरी आहे असं वाटतं.

हे सगळं एकटीने दवाखान्यात होणार नाही, आणि होऊही नये. रुग्णांचं हित बघणाऱ्या नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची परवानगी हवी, पहिला रुग्ण घेण्याआधी भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंद हवी. काय मोजणार, केव्हा मोजणार, किती फरक पडला तर यश म्हणणार, हे तिथे आधीच जाहीर होतं, नंतर बदलता येत नाही असं नाही, पण बदल सगळ्यांना दिसतो. मी समितीत बसून अनेक आराखडे वाचले. नैराश्याच्या चाचणीत माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: रविवारी रात्री अकराला रुग्णाला मरावंसं वाटलं तर तो कुणाला फोन करेल, आणि तो माणूस फोन उचलेल का? आराखड्यात याचं उत्तर नसेल तर पुढची पानं मी वाचत नाही.

रिकाम्या कॅप्सूलबद्दल तुमच्या मनात खंत आहे, ‘आजारी माणसाला काहीच न देता कसं ठेवू?’ ही खंत योग्य आहे. मध्यम किंवा तीव्र नैराश्याच्या माणसाला सिद्ध उपचाराविना ठेवू नये. म्हणून माझा सल्ला: चूर्ण जोड म्हणून तपासा. दोन्ही गटांना मानसोपचारतज्ज्ञांचे नेहमीचे उपचार आणि समुपदेशन चालू, त्यावर एका गटाला चूर्ण, दुसऱ्याला रिकामी कॅप्सूल. चूर्ण आणि गोळ्या यांच्या परस्परक्रियेची तपासणी मग दुप्पट काळजीने. कुणी उपेक्षित राहत नाही, आणि चूर्णामुळे काही जास्तीचं मिळतं का, हे कळतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेलं दिसलं, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ज्यांच्यापर्यंत मी पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत तुम्ही पोहोचता. तुमचं चूर्ण खरोखर चालत असेल तर ते मला माझ्या रुग्णांना द्यायचं आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो. म्हणूनच त्याला हरायची पूर्ण संधी द्या.

सुरुवात लहान करा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तुमच्याच दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे. त्याच्याशी संलग्न एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयातले मार्गदर्शक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ सोबत घ्या. पहिल्या वर्षी फक्त वनस्पतींची ओळख, लॉट, सुरक्षितता आणि ४० रुग्णांची तालीम: किती जण टिकतात, कॅप्सूल घेतात का, प्रश्न कळतात का. या ४० मधून चूर्ण चालतं की नाही हे काढायचं नाही, हे आधीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर मोह होणार नाही.

मला भेटायला याल तेव्हा चूर्णाच्या थोड्या पुड्या आणि घटक कुठून घेतले त्याच्या पावत्या आणा. तुमच्या आजोबांनी रुग्णांची वही ठेवली होती असं तुम्ही लिहिलं आहे, तीही आणा, नावं झाकून. जे बरे झाले त्यांच्या नोंदी नंतर बघू. आधी मला ती पानं वाचायची आहेत जिथे माणूस एकदा आला, चूर्ण घेऊन गेला आणि परत आलाच नाही.